ऑनलाइन ब्रिज क्लब: नवा खेळाडू आणण्याचा आणि टिकवण्याचा क्रम

ऑनलाइन ब्रिज, म्हणजे दोन-दोनच्या जोड्यांनी चौघांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ, सुरू करणारे बहुतेक क्लब एकाच जागी अडकतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पडते, खाली ‘सर्वांनी जरूर यावे’ असं लिहिलेलं असतं, आणि पहिल्या शनिवारी उत्सुकतेपोटी बरीच मंडळी येतात. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच जुने खेळाडू. मग निष्कर्ष निघतो की लोकांना रसच नाही.

रस असतो. ज्याला अजून नीट लॉगिनसुद्धा जमलेलं नाही त्याला आपण थेट स्पर्धेत बसवतो. समोर मुरलेली जोडी येते, बोट भलत्याच पानावर पडतं, चॅटमध्ये कोणीतरी तीन प्रश्नचिन्हं टाकतं, आणि तो माणूस परत फिरकत नाही. अशा वेळी आमंत्रणं वाढवून काही होत नाही, कामाचा क्रम बदलावा लागतो. खाली जो क्रम दिला आहे त्याचं लक्ष्य एकच: नवा माणूस दुसऱ्यांदा आला पाहिजे.

जिमखाना, सोसायटी, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ किंवा निवृत्त सहकाऱ्यांचा गट, कोणीही हे करू शकतं. आठव्या टप्प्यापर्यंत पोचायला दीड-दोन महिने धरा.

टप्पा १: कोणाला बोलावायचं ते आधी ठरवा

तीन प्रकारचे लोक असतात आणि तिघांना तीन वेगळी दारं लागतात.

पहिला, ब्रिज येतो पण स्क्रीनवर कधी खेळलेला नाही. याला खेळ शिकवू नका, फक्त बटणं दाखवा. याच्यापुढे ब्रिजचे धडे सुरू केलेत तर तो अपमान समजेल, आणि ते बरोबरच आहे.

दुसरा, ब्रिज येत नाही पण पत्त्यांत हात बसलेला आहे. मेंढीकोट, लाडीस, पाच-तीन-दोन, जजमेंट, तीनशेचार यांतलं काहीतरी लहानपणापासून खेळलेला. क्लब वाढवायचा असेल तर सगळ्यात जास्त मेहनत या माणसावर घ्या. उतारी, रंगाला रंग, हुकुमाने मारणं आणि हात मोजणं त्याला आधीच येतं. जजमेंट खेळणाऱ्याला तर ‘माझे इतके हात होतील’ असं आधी सांगून तेवढे करून दाखवायचीही सवय असते, म्हणजे ब्रिजच्या बोलीचं अर्धं काम झालेलं असतं. त्याला नवं ते तीनच: भिडूशी बोलीतून बोलणं, एका खेळाडूची पानं सगळ्यांसमोर उघडी पडणं, आणि तीच पानं दुसऱ्या टेबलांवरही खेळली जाणं.

तिसरा, पत्तेच न खेळलेला. त्याला जरूर घ्या, पण पहिल्या तुकडीत नको. त्याला आधी महिनाभर मेंढीकोट खेळू द्या. हे मी गमतीने म्हणत नाही.

आमंत्रण ग्रुपवर टाकू नका, फोन करा. ‘ब्रिज शिका, मेंदू तल्लख ठेवा’ या पोस्टरपेक्षा ‘जोशीकाका, तुम्हाला जजमेंट येतं ना? मग शनिवारी साडेआठला तासभर द्या, बाकीचं मी बघतो’ हे वाक्य जास्त चालतं. लोकलच्या डब्यात बॅग मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं खेळलेले आणि आता निवृत्त झालेले गट, गणपतीत रात्री पत्त्यांना बसणारी घरं, ही माणसं शोधण्याची खरी ठिकाणं.

*तपासा:* पहिल्या तुकडीत आठच जण घ्या. दोन टेबलं पुरतात आणि प्रत्येकाकडे लक्ष देता येतं. बारा झाले की चौघं वाट बघत बसतात.

टप्पा २: प्लॅटफॉर्म एकच निवडा

दोन नावं समोर येतील. ब्रिज बेस ऑनलाइन, म्हणजे सगळे ज्याला बीबीओ म्हणतात ते, आणि रिअलब्रिज.

बीबीओवर साधं खातं फुकट मिळतं, संगणकावर ब्राउझरमधून आणि फोन-टॅबलेटवर ॲपमधून चालतं, चौथा माणूस नसेल तर रोबो बसवता येतो (काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात), आणि खेळलेले डाव नंतर पुन्हा बघता येतात. पण तिथला खेळ मुख्यतः चेहरा आणि आवाजाशिवाय चालतो. रिअलब्रिजवर कॅमेरा आणि माइक चालू असतो, समोरचा हसताना दिसतो, आणि खेळाडूला क्लबने पाठवलेल्या लिंकवरून थेट आत येता येतं. त्यासाठी मात्र इंटरनेट बरं लागतं आणि कॅमेरा-माइकची परवानगी देण्यात पहिल्या दिवशी बराच वेळ जातो.

माझं मत: सरावासाठी बीबीओ. एकट्याला रात्री अकरा वाजता रोबोंबरोबर चार डाव खेळून बघता येतात, आणि नवशिक्याची भीती कमी होते ती अशा कोणी बघत नसतानाच्या खेळाने. गप्पांची हौस असलेला जुना गट असेल तर रिअलब्रिज. दोन्ही एकदम सुरू करू नका. एका आठवड्यात दोन वेगवेगळ्या पडद्यांवर पान कुठे दाबायचं हे शिकायला लावलं, की सत्तरीतला माणूस दोन्ही सोडतो. पुढचं सगळं बीबीओ धरून लिहिलं आहे.

टप्पा ३: खेळाच्या आधीची तयारी

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त गळती इथेच होते. प्रत्येकाला आठवड्याच्या मधल्या वारी वीस मिनिटं स्वतंत्र द्या. व्हिडिओ कॉलवर त्याचा स्क्रीन बघत, याच क्रमाने:

१. खातं त्याच्याच हातून उघडवा. तुम्ही उघडून दिलंत तर पासवर्ड तुमच्याकडे राहतो आणि शनिवारी साडेआठला त्याचा फोन येतो.

२. खात्याचं नाव ओळखता येईल असं ठेवा. आडनाव आणि एक-दोन अंक. नातवाने सुचवलेलं ‘टायगर’ वगैरे ठेवलं की टेबलावर कोण बसलंय ते भिडूलाही कळत नाही.

३. पासवर्ड वहीत लिहायला लावा. सुरक्षेचे तज्ज्ञ रागावतील, रागावू देत. फक्त तो बँकेचा पासवर्ड नसावा.

४. सेटिंगमध्ये जाऊन बोली आणि पान दोन्हींना ‘खात्री करा’ चालू करा. म्हणजे एकदा बोट लागलं तर पान नुसतं निवडलं जातं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर पडतं. चुकून पडणारी निम्मी पानं एवढ्याने थांबतात.

५. चार रंगांची पानं चालू करा. चौकट आणि बदाम दोन्ही लाल असले की छोट्या पडद्यावर गोंधळ ठरलेला.

६. फोन असेल तर आडवा धरायला सांगा. टॅबलेट असेल तर उत्तमच.

७. शेवटी त्याच कॉलवर रोबोंबरोबर एक पूर्ण डाव खेळवून घ्या. हरला तरी चालेल. तेरा वेळा पान टाकून झालं पाहिजे.

*सावधान:* हे झालं नसेल त्याला शनिवारी टेबलावर घेऊ नका. ‘या हो, तिथेच शिकवतो’ म्हणालात की उरलेले तिघं पंधरा मिनिटं ताटकळतात आणि शिकणारा ओशाळतो. त्याला त्या दिवशी प्रेक्षक म्हणून बसवा, टेबलाबाहेरून खेळ बघता येतो.

टप्पा ४: पहिल्या दोन बैठका बोलीशिवाय

ब्रिज शिकवणारे सुरुवात बोलीपासून करतात आणि तिथेच माणूस हरवतो. ‘एक किल्वर म्हणजे किल्वरच असं नाही’ हे वाक्य पहिल्या तासाला ऐकलेला मेंढीकोटवाला मनातल्या मनात उठून गेलेला असतो. आधी पानं खेळू द्या. यासाठी मिनी ब्रिज हा प्रकार आहेच, तो ऑनलाइन असा चालवा.

चौघांना ग्रुप कॉलवर घ्या. बीबीओवर स्वतःचं टेबल उघडा, बसायला परवानगी लागेल असं ठेवा म्हणजे अनोळखी माणूस येऊन बसणार नाही, आणि पान मागे घेण्याची मुभा चालू ठेवा. मग:

१. पानं वाटली गेली की प्रत्येकाने पॉइंट मोजायचे. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. गड्डीत एकूण ४०.

२. प्रत्येकाने आपली बेरीज मोठ्याने सांगायची. चौघांची मिळून ४० झाली पाहिजे. ३९ आली तर कोणाचा तरी गुलाम राहिला. ही तपासणी लोकांना मजेशीर वाटते, घाई करू नका.

३. ज्या जोडीचे पॉइंट जास्त, तिचा खेळ. २०-२० आले तर पुन्हा वाटा. त्या जोडीत ज्याचे जास्त, तो खेळणार. त्याचा भिडू डमी, म्हणजे त्याची पानं सगळ्यांसमोर उघडी आणि ती खेळणाराच खेळतो.

४. डमीने कोणत्या रंगाची किती पानं आहेत ते सांगायचं. मूळ मिनी ब्रिजमध्ये डमीची पानं आधीच उघडतात, पण इथे पहिली उतारी झाल्याशिवाय ती उघडत नाहीत, म्हणून ही तोंडी सोय.

५. खेळणाऱ्याने हुकूम आणि हात ठरवायचे. मग पडद्यावर तीच बोली त्याने थेट लावायची आणि बाकी तिघांनी पास म्हणायचं.

टेबलाच्या चार जागांना दिशांची नावं असतात आणि समोरासमोरचे दोघं भिडू. समजा उत्तरेने ९ सांगितले, पूर्वेने ८, दक्षिणेने १६, पश्चिमेने ७. उत्तर-दक्षिणेचे २५ झाले, दक्षिण खेळणार. उत्तर म्हणते, ‘इस्पिक तीन, बदाम चार, चौकट चार, किल्वर दोन.’ दक्षिणेकडे बदाम चार आहेत. दोघांचे मिळून आठ बदाम, म्हणजे हुकूम बदाम. जोडीकडे साधारण २५ असले की गेम, म्हणजे जादा गुण देणारी मोठी बोली, करायची, म्हणून चार बदाम, म्हणजे सहा अधिक चार असे दहा हात. आठ पानांचा इस्पिक किंवा बदाम नसता तर बिनहुकूम तीन, म्हणजे नऊ हात. किल्वर आणि चौकट यांत गेमला अकरा हात लागतात, त्यामुळे नवशिक्यांना तिकडे सध्या नेऊच नका.

एका बैठकीत सहा डाव पुरे. प्रत्येक जण एकदा तरी खेळणारा झाला पाहिजे. पॉइंटच आले नाहीत म्हणून कोणी सहाही डाव नुसती साथ देत राहिला, तर सातवा डाव त्याच्यासाठी वाटा.

*सामान्य चूक:* शिकवणारा प्रत्येक पानाला ‘थांबा, ते नको’ म्हणतो. डाव पुरा होऊ द्या. मग तोच डाव उघडून फक्त एक जागा दाखवा, जिथे हात गेला. दुसरी चूक दिसली तरी गिळा.

टप्पा ५: बोली एका पानावर

तिसऱ्या बैठकीपासून बोली सुरू करा, पण क्लबची एकच पद्धत हवी आणि ती एका कागदावर मावली पाहिजे. तिचा फायदा शिकण्यापेक्षा भिडू मिळण्यात जास्त आहे. सगळ्यांचा कागद एकच असला की क्लबातला कोणीही कोणाहीबरोबर बसू शकतो. एवढं पुरतं:

- १२ पॉइंटांपासून उघडायचं, त्याखाली पास.
- इस्पिक किंवा बदाम पाच असतील तर त्या रंगाची एकची बोली. नसतील तर किल्वर-चौकटीपैकी जो लांब तो.
- सगळे रंग समतोल आणि १५ ते १७ पॉइंट असतील तर एक बिनहुकूम.
- भिडूने एकच्या बोलीने रंग उघडला आणि आपल्याकडे ६ तरी आहेत, तर गप्प बसायचं नाही.
- भिडूच्या इस्पिक किंवा बदामाची आपल्याकडे तीन पानं असतील तर साथ द्यायची: ६ ते ९ ला दोन, १० ते १२ ला तीन, त्यावर चार.
- जोडीचे मिळून २५ म्हणजे गेम, ३३ म्हणजे स्लॅमचा (बारा किंवा तेरा हातांचा) विचार.

स्टेमन, ट्रान्स्फर, ब्लॅकवुड या खास अर्थाच्या ठरावीक बोली दुसऱ्या महिन्यात, एका वेळी एक. प्रिसिजन या वेगळ्या बोलीपद्धतीने खेळणाऱ्या जुन्या खेळाडूंची इथे हमखास नाराजी येते. त्यांनी आपसात हवं ते खेळावं, नव्या माणसाबरोबर बसताना कागद क्लबचा.

*तपासा:* कागद न बघता प्रत्येकाला विचारा, ‘भिडूने एक बदाम म्हटलं, तुमच्याकडे तीन बदाम आणि आठ पॉइंट, काय म्हणाल?’ उत्तर ‘दोन बदाम’ लगेच आलं पाहिजे. आलं नाही तर आणखी एक सरावाची बैठक घ्या.

टप्पा ६: भिडूची सोय क्लबने करायची

‘पार्टनर घेऊन या’ असं लिहिलेल्या खेळाला नवा माणूस येत नाही. त्याच्या ओळखीत ब्रिजवाला असता तर तो तुमच्याकडे कशाला आला असता?

गुरुवारी रात्रीपर्यंत नावं घ्या, शुक्रवारी जोड्या जाहीर करा, आणि आयोजकांपैकी एक जण दर वेळी राखीव ठेवा. राखीव म्हणजे खरोखर मोकळा, लॉगिन करून बसलेला. ऐन वेळी कोणाचं नेट गेलं, कोणाकडे पाहुणे आले, तर तो बसतो. जोड्या विषम झाल्या तर एका जोडीला प्रत्येक फेरीत बसून राहावं लागतं, ते टाळायला राखीव माणूस आणि रोबो मिळून एक जोडी करता येते.

नव्या माणसाला अनुभवी भिडू द्यायचा तर तो स्वभाव बघून द्या, खेळ बघून नाही. क्लबचा सगळ्यात चांगला खेळाडू बऱ्याचदा सगळ्यात वाईट पहिला भिडू ठरतो. त्याला आधी सांगून ठेवा: डाव चालू असताना चॅटमध्ये फक्त ‘छान’ आणि ‘असू दे’. ‘अहो मावशी, राजा होता ना तुमच्याकडे?’ हे खेळ संपल्यावरसुद्धा नाही.

नवरा-बायको दोघंही नवे असतील तर पहिला महिना वेगवेगळ्या टेबलांवर बसवा. कारण सांगायला नको.

टप्पा ७: पहिली छोटी स्पर्धा

सुरुवात आठ डावांनी करा. डावाला नऊ मिनिटं धरली तर ७२ मिनिटं होतात, म्हणजे साडेआठला बसलेला माणूस पावणेदहाला मोकळा. सरावलेल्यांच्या वेगाने नव्यांना पळवलं की ते वेळेच्या धाकाने कुठलंही पान टाकतात. आठच खेळाडू असतील तर बीबीओवर दोन टेबलांचा सांघिक सामना लावा. तीच पानं दोन्ही टेबलांवर जातात आणि तुलना सगळ्यांना सहज कळते.

परदेशातले मराठी खेळाडू हवे असतील तर भारतातली रात्री साडेआठची वेळ बरी पडते. तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात, लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे चार आणि हिवाळ्यात तीन, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा किंवा दहा. तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, त्या आठवड्यात आठवण पाठवा. आयपीएलच्या दिवसांत मात्र साडेआठला कोणी मिळेल ही आशा सोडा आणि रविवारी सकाळी ठेवा.

खेळाआधी दहा मिनिटं घेऊन तीनच नियम सांगा:

१. *खास अर्थाची बोली आपली आपणच समजावायची.* प्रत्यक्ष टेबलावर भिडूच्या बोलीबद्दल आपण सावध करतो. ऑनलाइन उलटं आहे. बोली लावतानाच तिचा अर्थ लिहायचा, तो प्रतिस्पर्ध्यांना दिसतो, भिडूला दिसत नाही. जुने खेळाडूसुद्धा इथे चुकतात.

२. *चुकून बोट लागलं तर लगेच डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धा चालवणाऱ्या पंचाला, हाक मारायची.* बोट घसरलं असेल तर मागे घेता येईल, विचार बदलला असेल तर नाही. कोणती मुभा द्यायची ते क्लबने आधीच ठरवा आणि सगळ्यांना सारखी लावा.

३. *सरावातला ग्रुप कॉल आता बंद.* भिडूशी कोणत्याही मार्गाने बोलणं नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. एका घरातून दोघं खेळत असतील तर वेगळ्या खोल्यांत बसायचं.

हा तिसरा नियम सगळ्यांना एकदम सांगा. नंतर एखाद्या जोडीवर संशय आला तर ग्रुपवर चर्चा करू नका. डावांची नोंद असते, दोन जाणत्यांनी ती शांतपणे बघावी आणि त्या जोडीशी खासगीत बोलावं.

नवे लोक चार-पाच टेबलांइतके झाले आणि जोड्यांची स्पर्धा लावली, तर गुण कसे मिळतात हे निकालाआधी समजावा. समजा पाच टेबलांवर एकच डाव खेळला गेला आणि उत्तर-दक्षिण जोड्यांना मिळाले ४५०, ४२०, ४२०, १७० आणि उणे ५०. ज्या जोडीपेक्षा जास्त मिळवले तिचे दोन गुण, बरोबरीचा एक. म्हणजे ४५० वाल्यांना ८ पैकी ८, ४२० वाल्यांना ५-५, १७० ला २, उणे ५० ला शून्य. चार इस्पिक लावून दहा हात करणारे ६२.५ टक्क्यांवर, तीनवर थांबून तेच दहा हात करणारे २५ टक्क्यांवर.

हे न सांगता निकाल लावला की ४३ टक्के मिळालेल्या माणसाला शाळेची प्रगतिपुस्तकं आठवतात. ब्रिजमध्ये सरासरीच ५० असते आणि पहिल्या महिन्यात ४३ हे अगदी बरं आहे. निकाल ग्रुपवर टाकताना वरच्या तीन जोड्याच टाका, पूर्ण यादी ज्याला हवी त्याला.

*पैशांबद्दल सावध:* प्रवेश शुल्क घेऊन रोख बक्षिसं ठेवू नका. २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद ठेवलेला नाही. क्लबच्या वर्गणीतून खर्च भागवा, बक्षीस म्हणून टाळ्या पुरतात. याहून काही करायचं असेल तर आधी वकिलाला विचारा.

टप्पा ८: पुढचे दोन दिवस

रविवारी प्रत्येक नव्या खेळाडूला एक फोन. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘कुठे अडलं?’ विचारा. उत्तर बहुधा पत्त्यांबद्दल नसतं: आवाज येत नव्हता, अक्षरं बारीक होती, अमुक जण फार घाई करत होते. यातलं बरंचसं तुम्ही पाच मिनिटांत सोडवू शकता.

सोमवारी ग्रुपवर एकच डाव चर्चेला टाका, शक्यतो नव्या माणसाने चांगला खेळलेला. खेळलेले डाव साइटवर जपलेले असतात, त्यामुळे चारही हात दाखवता येतात. त्याच संदेशात पुढच्या शनिवारची वेळ आणि ‘कोण येणार?’ असू द्या.

लागोपाठ दोनदा कोणी आला नाही तर तिसऱ्या वेळेआधी फोन करा. त्यानंतर नाही, पाठी लागलेला क्लब कोणालाच आवडत नाही.

टप्पा ९: मोठ्या खेळात कधी सोडायचं

नव्यांचा वेगळा खेळ निदान दोन महिने चालू ठेवा. अनुभवी मंडळी ‘आता मिसळून टाकू, टेबलं वाढतील’ म्हणतील, ऐकू नका. ज्याला नऊ मिनिटांत डाव संपवता येतो, क्लबचा कागद न बघता बोली लावता येते आणि डायरेक्टरला हाक मारायला लाज वाटत नाही, त्याला विचारा की खुल्या खेळात यायचंय का. पहिल्यांदा जाताना भिडू ओळखीचा द्या, आणि आधीच सांगा की तिथे ३५ टक्के येतील.

काही जण नाही म्हणतील. त्यांना आठ डाव, ओळखीची माणसं आणि पावणेदहाला झोप एवढंच हवं असतं. त्यांच्यासाठी तो खेळ कायम ठेवा. पुढच्या तुकडीतल्या नवशिक्यांना पहिले प्रतिस्पर्धी त्यांच्यातूनच मिळतील.